बैठकीला पाणी

मस्कतच्या बाहेर, कंतबच्या कड्याखालच्या हॉटेलात
आज नववा दिवस.
बावीस खुर्च्या, बावीस ग्लास
आणि एक क्रियापद, जे कुणाच्याच घशाखाली उतरत नाही.

युद्ध हा शब्द पहिल्याच सकाळी ठरला.
त्यावर वाद नव्हता, तो सगळ्यांना नीट येत होता.
अडलंय ते त्याच्या पुढच्या शब्दापाशी:
टाळणे, वर्ज्य करणे, त्यागणे,
की नुसतंच 'दूर राहण्याचा प्रामाणिक प्रयत्न करणे'.

मला सांगितलंय, उजवीकडून ओतायचं,
बर्फ वाजू द्यायचा नाही
आणि ऐकायचं नाही.
पहिल्या दोन गोष्टी मला जमतात.
टेबलावर विसरलेल्या एखाद्या इअरफोनमधून
काचेमागच्या लमियाचा आवाज
मुंगीएवढा होऊन येतो,
तो कसा ऐकायचा नाही?

काल ती पॅन्ट्रीत आली, चहाला.
म्हणाली, तुझ्या भाषेत काय म्हणतात,
एखादी गोष्ट कायमची सोडली तर?
मी म्हटलं, पाणी सोडतात.
कुठे?
त्या गोष्टीवर. हातावरून.
ती हसली, मग हसायची थांबली.
इथे, म्हणाली, पाणीसुद्धा समुद्राकडून
यंत्र लावून सोडवून घ्यावं लागतं.

मी सोडलंय एकदा.
गुहागरला, दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर,
पत्र्याखाली, डुगडुगत्या टेबलावर.
हक्कसोडपत्र.
'स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय'
हे लिहिताना बोंडकर लेखनिकाने
माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
दिगंबर रस्त्यापलीकडे मोटारसायकल पुसत होता,
आधीच पुसलेली.
मी विचारलं, एक ओळ घालता येईल का?
विहिरीची.
म्हणजे आले कधी, तर स्वतः काढून पिण्यापुरतं.
बोंडकरांनी पेन खाली ठेवलं.
बाई, सोडायचं आणि धरायचं
एका कागदावर होत नाही.
सोडलं म्हणजे सोडलं.

इथे होतं.
इथे कलम तीन सोडतं
आणि कलम चार धरून ठेवतं.
बचावासाठी. मित्राच्या बचावासाठी.
मित्राने बोलावलं तर.
मित्र बोलावण्याच्या स्थितीत नसेल तर.
कुणी हे वाचतं, कुणी चष्मा पुसतं,
कुणी खिडकीबाहेर बघतं.
तिथे तीन टँकर नांगर टाकून आहेत,
दिवसा गंजके,
रात्री गावासारखे पेटतात.

चौदा नंबरचा म्हातारा फारसा बोलत नाही.
त्याचा देश कुठला, मी पाटी वाचली होती, विसरले.
तो ग्लास दोन्ही हातांनी धरतो.
कधीतरी पाणी मोजून प्यालेली माणसं तशी धरतात.
हात थरथरतात, म्हणून मी त्याचा अर्धाच भरते.
तिसऱ्या दिवशी त्याच्या ते लक्षात आलं.
तेव्हापासून तो मान हलवतो,
एवढीशी,
कुठल्याही इतिवृत्तात येणार नाही इतकी.

संध्याकाळी नवा मसुदा वाटला.
क्रियापद चौकोनी कंसात उभं होतं,
शेजारी आणखी दोन, रांगेत.
लमिया म्हणाली, कंस म्हणजे अजून नाही.
मी म्हटलं, आमच्याकडे अंगठा उठवायला
अकरा मिनिटं लागली होती,
त्यातली सात शाईचा पॅड शोधण्यात.

सगळे गेले. खुर्च्या तिरक्या.
उरलेलं पाणी मी एका बादलीत ओतते,
बावीस जणांचं एकात एक.
कुणाचं कुठलं, आता कुणाला सांगता येणार नाही.
मागच्या दाराशी बोगनवेल आहे, सुकत आलेली.
बादली कलती करताना
थोडं माझ्या हातावरून गेलं.
मुद्दाम नव्हे.
विहीर आठवली, असंही नाही.
विहिरीचा रहाट आठवला, त्याचा आवाज,
तोही नीटसा नाही.

आतून खलफान ओरडतो, उद्या किती?
बावीसच, मी म्हणते.
आणि मी सुट्टीवर असले तर लक्षात ठेव,
चौदाला अर्धा.